केनियातल्या खाटेचा रात्रीचा भाव

साताऱ्याच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय 58, जिल्हा परिषदेच्या शाळेतून जानेवारीत निवृत्त. पेन्शन 41 हजार, घरखर्च आईच्या औषधांसकट 28 हजार. फेब्रुवारीत 15 लाख रुपये सिनियर सिटिझन्स सेव्हिंग स्कीममध्ये टाकले, 4 लाखांची एफडी आहे, बचत खात्यात 1 लाख 60 हजार. घर स्वतःचं, कर्ज नाही. मुलगी पुण्यात नोकरीला, घरी 83 वर्षांची आई.

पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या मध्यापासून 12 आठवडे केनियात स्वयंसेवक म्हणून जायचं त्यांच्या मनात आहे. पहिले सहा आठवडे त्साव्हो राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या हत्ती प्रकल्पाच्या तंबूत, नंतरचे सहा आठवडे व्होई गावात शाळा आणि बालगृहात. एका परदेशी एजन्सीने राहणं-खाणं धरून 4 हजार डॉलर सांगितले. या महिनाअखेर सगळे पैसे भरले तर 10 टक्के सूट. त्यासाठी ताई सिनियर सिटिझन स्कीमचं खातं मोडायला निघाल्या आहेत. दुसरा पर्याय एका सहकाऱ्याच्या मुलीने सुचवला: व्होईतलाच एक स्थानिक गट नोंदणीचे 250 डॉलर घेतो आणि गावातल्या कुटुंबात राहायला रात्रीचे 15 डॉलर, सकाळ-संध्याकाळच्या जेवणासह. तिसरा पर्याय ताईंनी स्वतःच शोधला, महिना 12 हजार शिलिंगची भाड्याची खोली.

ताई, नमस्कार.

आधी घाईचं बोलतो. खातं मोडू नका. या स्कीममधून हवी तेवढी रक्कम काढता येत नाही. सव्वातीन लाखांसाठी पंधराच्या पंधरा लाखांचं खातं बंद करावं लागेल. शिवाय वर्ष पुरं होण्याआधी बंद केलं तर व्याज मिळत नाहीच, आतापर्यंत दर तिमाहीला हातात पडलेलं व्याजही मुद्दलातून वळतं करून घेतात. 8.2 टक्क्यांच्या दराने तुमच्या खात्यावर ही रक्कम साधारण 75 हजार होते. सूट मिळणार 400 डॉलरची, म्हणजे डॉलर 90 रुपयांचा धरला तर 36 हजारांची. छत्तीस हजार वाचवायला पंचाहत्तर हजार घालवण्याचा हा हिशेब तुमच्या चौथीच्या मुलांनीसुद्धा फळ्यावर चूक ठरवला असता.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तुम्ही विचारलंत, ‘इतक्या चांगल्या कामासाठी इतके पैसे योग्य आहेत का?’ कामाचं मोल मी करणार नाही. पण एजन्सीचं पत्रक नीट वाचलं तर त्यात विक्रीला काम नाहीच, आहे ती खाट. सूट वजा जाता 3,600 डॉलर, म्हणजे 3 लाख 24 हजार रुपये, भागिले 84 रात्री. एका रात्रीचे 3,857 रुपये. स्थानिक गटाचे नोंदणीसकट एकूण 1,510 डॉलर, म्हणजे रात्रीला साधारण 1,620 रुपये. हा भाव समोर ठेवला की प्रश्न सोपा होतो: तेवढ्या पैशात कसली खाट मिळते आणि पैसे कोणाच्या हातात जातात?

तंबूतली खाट महाग असते याचं मला आश्चर्य वाटत नाही. त्साव्होच्या कडेला पाणी टँकरने येतं, वीज सौर पॅनेलची, डिझेल व्होईहून आणायचं, गाडी जीपच्या जातीची, रात्री राखणदार हवाच. (1898 मध्ये त्साव्होच्या पुलावर काम करणाऱ्या हिंदुस्थानी रेल्वे मजुरांना सिंहांनी तंबूतूनच ओढून नेलं होतं. आईला हे सांगू नका. आता छावणीचे नियम फार कडक असतात.) दोघींत एक तंबू, कॅम्पची घडीची खाट, बादलीभर पाण्याची अंघोळ, खड्ड्याचा संडास, मोबाइल चार्जिंगला पाळी, स्वयंपाकाला आणि भांड्यांनाही पाळी. 58व्या वर्षी हे जमेल का, हे मी कोण सांगणार! पण रात्री दोनदा उठावं लागत असेल तर संडास तंबूपासून किती लांब आहे आणि तिथवर एकटीने जाऊ देतात का, हे आधी विचारा. उद्यानाच्या आत जाण्याचं शुल्क परदेशी माणसाला दिवसागणिक, तेही डॉलरमध्ये पडतं. ते पॅकेजमध्ये धरलंय का, याबद्दल पत्रक गप्प आहे.

तेव्हा छावणीचा दर मी समजू शकतो. पण उरलेले सहा आठवडे व्होई गावात, बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर, सहाजणींच्या खोलीतल्या दुमजली खाटेला तोच दर का? तिथे टँकर नाही, जीप नाही, उद्यान नाही. तिथल्या प्रत्येक रात्री तुम्ही एजन्सीचं ऑफिस आणि जाहिरात पोसणार. हे गैर आहे असं नाही. मीही सल्ल्याची फी घेतोच. फक्त आपण कशाचे पैसे देतोय ते माहीत असावं.

कुटुंबात राहण्याचा पर्याय मला सगळ्यात पसंत आहे आणि त्याचं कारण निव्वळ स्वस्ताई नाही. 15 डॉलर त्या घरातल्या बाईच्या हातात पडले तर ते व्होईत खर्च होतात. गटाला सरळ विचारा, पंधरातले घराला किती? जेवणाची काळजी करू नका. केनियात मुगाला न्देंगू म्हणतात आणि चपातीबरोबर मुगाची रस्सेदार उसळ हे तिथलं घरोघरीचं जेवण. चपाती हा शब्दही आपलाच, चहाला ‘चाय’ आणि कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला ‘काचुंबारी’ म्हणतात. सुकुमा विकी ही परतलेली पालेभाजी तर रोजची. मक्याची घट्ट उकड, म्हणजे उगाली, तेवढी अंगवळणी पडायला आठवडा लागेल. तुम्ही शाकाहारी आहात हे मात्र आधी कळवा, नाहीतर पाहुण्यांसाठी कोंबडी कापली जाईल आणि अवघडल्यासारखं होईल. स्वतंत्र खोली, आतून कडी, मच्छरदाणी आणि पिण्याचं पाणी उकळलेलं, एवढं लेखी घ्या.

तिसरा पर्याय, खोली भाड्याने घेणं, कागदावर फार गोड दिसतो. तिथे एका खोलीच्या बिऱ्हाडाला बेडसिटर म्हणतात. मिळतात त्या चार भिंती. गादी, स्टोव्ह, भांडी, डिपॉझिट सगळं आपलं, आणि तीन महिन्यांनी सोडून यायचं. एकट्या परदेशी बाईने अनोळखी गावात हे करू नये असं माझं मत. हा पर्याय इथेच सोडू.

एजन्सीने दिलेल्या तारखांत मोठी खोट आहे. केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुमारास संपतं, मग जानेवारीपर्यंत सुट्टी. तुमचे शाळेचे सहा आठवडे ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होतात, म्हणजे तुम्ही बंद शाळेत शिकवायला जाणार! शिवाय ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला छोटा पावसाळा. आणि नोव्हेंबर म्हटलं की पेन्शनरला दुसरं काही सुचतं का? हयातीचा दाखला. तो मोबाइलवरून करता येतो, पण ती परीक्षा तिथल्या नेटवर्कवर नको.

जून-जुलै पाहा. मोठा पाऊस मे अखेर ओसरलेला असतो, हवा थंड आणि कोरडी, शाळा भरलेल्या. तंबूत राहायलाही हेच दिवस बरे.

बालगृहाचा भाग काढून टाका असं मी आग्रहाने सांगेन. केनिया सरकारने 2017 मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि 2022 पासूनचं दहा वर्षांचं धोरण मुलांना संस्थांतून काढून कुटुंबात नेण्याचं आहे. पैसे देणारे पाहुणे येत राहिले की खाटा भरलेल्या ठेवण्यात कोणाचा तरी फायदा असतो, आणि तुमच्या लळ्याची किंमत तुम्ही परत निघालात की ती मुलं देतात. तुम्ही इतकी वर्षं वर्गात काढलीत, हे मी तुम्हाला समजावून सांगावं असं नाही. शाळेत शिक्षकांच्या हाताखाली मदत करा, तिथे तुमच्या अनुभवाला खरा भाव आहे.

हत्तींच्या कामाचं तुम्हाला का वाटतं, ते मात्र मला पटलं. व्होईजवळच्या सगाला भागात शेताभोवती दर दहा मीटरवर मधमाश्यांच्या पेट्या तारेने जोडून टांगतात. हत्तीचा धक्का तारेला लागला की पेट्या हलतात, माश्या उठतात आणि हत्ती मागे फिरतो. शेतकऱ्याला पीकही मिळतं, मधही. दोडामार्ग-चंदगडच्या शेतकऱ्याला हे ऐकून हेवा वाटेल. पण असं काम पाहायला आणि हातभार लावायला सहा आठवडे तंबूत राहावं लागत नाही. छावणी एका आठवड्यासाठी घेते का, विचारा.

माझा हिशेब असा: चार आठवडे कुटुंबात, एक आठवडा छावणीत. कुटुंबाचे 28 रात्रींचे 420 डॉलर आणि नोंदणी 250, मिळून 60,300 रुपये. छावणीचे एजन्सीच्याच दराने 27 हजार. तुम्ही काढलेला विमानाचा भाव 52 हजार. विमा 9, लस-औषधं 12, ऑनलाइन प्रवेशपरवाना, रेल्वे, सिमकार्ड आणि हातखर्च मिळून 20 हजार. आणि तुमच्या कागदावर नसलेली एक ओळ: आईजवळ दिवसभर थांबणारी बाई, पाच आठवड्यांचे 23 हजार. एकूण 2 लाख 3 हजारांच्या आसपास. बारा आठवड्यांच्या पॅकेजला याच सगळ्या ओळी जोडल्या, आईची बाई बारा आठवड्यांची धरली, तर आकडा 4 लाख 72 हजारांवर जातो. एजन्सीच्या पत्रकात आईची बाई नसणारच, पण तुमच्या राहण्याची सोय तिच्या राहण्याच्या सोयीशिवाय पुरी होत नाही.

पैसे कुठून? पेन्शनमधून महिना 13 हजार उरतात, स्कीमचं व्याज महिन्याला 10,250 पडतं. आठ महिन्यांत 1 लाख 86 हजार जमतात. उरलेले सतरा-अठरा हजार बचत खात्यातून घ्या. एफडीला हात लावू नका. आईचा मेडिक्लेम नाही असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा ते 4 लाख तुमचे नाहीतच, तिच्या दवाखान्याचे आहेत. याच कारणासाठी मी बारा आठवड्यांना नाही म्हणतोय.

दोन-तीन गोष्टी भराभर. केनियाचा 30 डॉलरचा ऑनलाइन परवाना पर्यटकाचा असतो. पगार नसला तरी स्वयंसेवा तिथे कामातच मोजली जाते आणि त्यासाठी ‘स्पेशल पास’ नावाचा अल्पमुदतीचा परवाना लागतो. तो प्रकल्पाने काढायचा असतो, त्याची फी कोण भरणार ते लेखी घ्या. माझ्या वरच्या हिशेबात ती धरलेली नाही. ‘पर्यटक म्हणून या, कोणी विचारत नाही’ असं सांगणाऱ्या गटाकडे जाऊ नका. केनियाहून परतताना पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला लागतो; लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यायची आणि दाखला आयुष्यभर चालतो. साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना जास्त जपावं लागतं, म्हणून डॉक्टरांशी आत्ताच बोला. हिवतापाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा. प्रवास विम्यात अंगमेहनतीचं काम वगळलंय का ते पाहा. आजारी माणसाला विमानाने दवाखान्यात नेणाऱ्या नैरोबीच्या ॲमरेफ फ्लाइंग डॉक्टर्सकडे पाहुण्यांसाठी अल्पमुदतीचं सदस्यत्व मिळतं. छावणीच्या आठवड्यासाठी ते मी घेतलं असतं.

हे पैसे देणगी नव्हेत, आयकरातली 80जीची वजावट विसरा. भारतातल्या एजन्सीने परदेशी टूर पॅकेज म्हणून बिल केलं तर टीसीएस, म्हणजे बिलाबरोबरच वसूल होणारा आगाऊ कर, कापला जाईल. तो रिटर्न भरताना जमेला धरला जातो, पण तोवर पैसे अडकतात. स्थानिक गटाला बँकेतून थेट पाठवलेल्या इतक्या रकमेवर टीसीएस लागणार नाही. नोंदणीचे तेवढे आधी पाठवा, राहण्याचे पैसे तिथे आठवड्याच्या आठवड्याला द्या. पासपोर्टवर एम-पेसाचं, म्हणजे मोबाइलवरून पैसे देण्याच्या तिथल्या सेवेचं, खातं उघडता येतं आणि व्होईतला भाजीवालाही त्यावर पैसे घेतो. माझ्याकडे सल्ल्याला येणारे एक गृहस्थ अशाच एका छावणीचे आठ आठवड्यांचे पैसे आगाऊ भरून गेले, दुसऱ्या आठवड्यात पाठ धरली, परत आले. परतावा शून्य.

पैसे न घेता, उलट राहण्याचा भत्ता देऊन अनुभवी लोकांना पाठवणाऱ्या संस्थाही आहेत, 1970 पासूनचा संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम हे त्यातलं मोठं नाव. पण त्या नेमणुका लांब मुदतीच्या असतात आणि आई घरी असताना तो विचार आज नको.

एजन्सीला आजच कळवा की महिनाअखेर पैसे भरत नाही. स्थानिक गटाला चार प्रश्न पाठवा: घराला किती मिळतात, स्पेशल पास कोण काढतो, शाळा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत भरते, आणि मधेच परतावं लागलं तर काय. उत्तरं आली की मला पाठवा. तोवर आईसाठी बाई शोधायला लागा आणि एखाद-दोन आठवडे तुम्ही घरात असतानाच तिला येऊ द्या. तिचं आणि आईचं जमलं की मग विमानाचं तिकीट काढा.