तीन गुणांनी राहिलेला ग्रुप

“पुन्हा परीक्षेला बसण्याची हिंमतच उरलेली नाही, ती आणायची कुठून?” हा प्रश्न निकालांच्या दिवसांत माझ्याकडे हमखास येतो. त्याचे उत्तर देताना मला सीए फायनलचा एक विद्यार्थी आठवतो. ओळख पटू नये म्हणून त्याचे काही तपशील बदलले आहेत.

आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) संपवून तो गावी परतला होता आणि पहिल्या ग्रुपचा, म्हणजे तीन पेपरांच्या गटाचा, तिसरा अटेम्प्ट गेल्यापासून वडिलांच्या किराणा दुकानात बसत होता. झोप उडाली होती, आणि “काय, झालास का सीए?” असे कोणी विचारले की तो मागच्या गोदामात निघून जाई. अशा वेळी जगणे नकोसे वाटते का, हे मी स्पष्ट शब्दांत विचारते. विचारल्याने तो विचार रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याच्या मनात तसे काही नव्हते. (ज्यांच्या मनात असेल त्यांना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.)

निकालाच्या दिवसानंतर त्याने गुणपत्रिका उघडलीच नव्हती. ती आम्ही दोघांनी मिळून वाचली: एफआर (वित्तीय अहवाल) ४४, एएफएम (प्रगत वित्तीय व्यवस्थापन) ४१, ऑडिट ६२. प्रत्येक पेपरात किमान ४० गुण होते, पण ग्रुपच्या एकूण ३०० पैकी १५० लागतात आणि त्याची बेरीज १४७ होत होती. ‘थोडक्यात हुकले’ असे म्हणून मी त्याची समजूत काढली नाही, कारण थोडक्यात हुकलेले अधिक सलते. मात्र ६० च्या वर गुण असल्याने ऑडिटचे एक्झेम्प्शन (तो पेपर पुन्हा न देता त्याचे गुण बेरजेत धरले जाण्याची सूट) पुढच्या तीन परीक्षांसाठी त्याच्या हातात होते, आणि हे ठाऊक असूनही ‘मी नापास’ या दोन शब्दांखाली ते दडपून गेले होते.

सीए स्वतःला व्हायचे आहे की केवळ लोकांना तोंड दाखवता यावे म्हणून, हेही मी विचारले. लाजेपोटी धरलेला नेट फार दिवस टिकत नाही, असे मला मनापासून वाटते. त्याने आठवडाभर वेळ घेतला आणि ऑडिटचे काम आवडते, ते सोडवत नाही, असे सांगितले.

“हिंमत आली की अभ्यासाला बसेन,” असे तो म्हणत असे. माझ्या अनुभवात क्रम बहुधा उलटा असतो. म्हणून रोज केवळ वीस मिनिटे एएफएमचे एक गणित सोडवायचे, आणि आधीची व नंतरची भीती दहापैकी किती, ते वहीत लिहायचे, एवढेच ठरवले. पहिल्या दिवशी आकडे नऊ आणि सहा होते. तिसऱ्या दिवशी तो बसलाच नाही; त्यावर आम्ही जवळजवळ एक पूर्ण भेट बोललो, कारण चुकलेल्या दिवसानंतरचा दिवस मला सर्वांत मोलाचा वाटतो. पुढे त्याने उत्तरपत्रिकेची सर्टिफाइड कॉपी मागवली. पहिल्याच गणिताचा ताळा जुळेना म्हणून त्यात वेळ गेला होता आणि शेवटचा प्रश्न कोरा राहिला होता. ‘मला येत नाही’ असे इतके दिवस म्हणणाऱ्या त्या मुलाने त्या दिवशी घड्याळ लावून सराव करण्याचे स्वतःहून ठरवले.

वडिलांना गुण सांगणे त्याला सर्वांत अवघड गेले. त्यांनी सर्व ऐकून घेतले, बिलाच्या पाठीमागे १५० मधून ६२ वजा केले आणि म्हणाले, “म्हणजे दोन पेपरांत अठ्ठ्याऐंशी. उद्यापासून सकाळी दुकानात येऊ नकोस, मी बघतो.”