सह्यांच्या कागदातून उगवलेली चळवळ

प्रश्न: अमेरिकेतली स्त्रीहक्कांची चळवळ गुलामगिरीविरोधी चळवळीतून निघाली म्हणतात. मत देण्याचा हक्कच नसलेल्या बायका त्या चळवळीत करत तरी काय होत्या?

उत्तर: मुख्यतः सह्या गोळा करत होत्या. हे काम किरकोळ समजू नका! मताधिकार नसला तरी अर्ज करण्याचा हक्क होता, आणि तोच त्यांनी धरला. छापील मजकूर घेऊन त्या दारोदार फिरत. मागणी बहुधा राजधानी वॉशिंग्टनच्या जिल्ह्यातली गुलामगिरी बंद करण्याची असे, कारण तिथे थेट काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, सत्ता चाले. राज्यांतल्या गुलामगिरीबाबत काँग्रेस हात झटकू शकत होती. पुरुषांच्या आणि बायकांच्या सह्या अनेकदा वेगळ्या रकान्यांत घेत. भरलेले कागद एकाखाली एक चिकटवून पाठवत.

अर्ज इतके आले की 1836मध्ये काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाने, प्रतिनिधिगृहाने, ते चर्चेविना बाजूला ठेवण्याचा नियम केला. तो 1844पर्यंत टिकला. बायकांनी राजकारणात पडावं का, असाही वाद पेटला. 1838मध्ये गुलामगिरीविरोधी वक्त्या अँजेलिना ग्रिम्के मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळ समितीपुढे उभ्या राहिल्या, तेव्हा गुलामांच्या मुक्तीइतकाच स्वतःच्या बोलण्याचा हक्कही त्यांना मांडावा लागला. माझ्या मते दोन्ही चळवळींचा खरा सांधा इथे आहे.

1840च्या लंडनमधल्या गुलामगिरीविरोधी परिषदेत स्त्री प्रतिनिधींना कामकाजात भाग घेऊ दिला नाही. पुढे स्त्रीहक्कांच्या चळवळीत पुढाकार घेणाऱ्या ल्युक्रिशिया मॉट आणि एलिझाबेथ केडी स्टँटन तिथेच भेटल्या. जुलै 1848मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्सच्या सभेत स्त्रीहक्कांच्या जाहीरनाम्यावर 100 सह्या झाल्या: 68 स्त्रिया, 32 पुरुष. मताधिकाराचा ठराव अडखळत होता. स्वतः गुलामगिरीतून सुटलेले फ्रेडरिक डग्लस त्याच्या बाजूने ठामपणे बोलले आणि तो मंजूर झाला.