पळसपापडीनं शेळीचे जंत पडतात का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझ्याकडं उस्मानाबादी शेळ्या आहेत, पाऊस सुरू झाल्यापासून दोन शेळ्या खंगत चालल्यात, खातात बऱ्या पण अंगाला लागत नाही. एकीच्या जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज आलीय आणि करडांच्या लेंडीत तांदळासारखे पांढरे दाणे दिसतात. आमचे आबा म्हणतात पळसपापडी (पळसाच्या बिया) आन वावडिंग कुटून गुळातून दे, मेडिकलचं काही नको, कारण काही शेळ्या गाभण आहेत. काय करू?
– एक वाचक, ता. केज, जि. बीड

उत्तर: आबांचं पूर्ण चुकीचं नाही. पळसपापडी आणि वावडिंग दोन्ही आयुर्वेदात कृमीवर सांगितलेलीच आहेत. पण गाभण शेळीला ही दोन्ही देऊ नका, वावडिंग तर गर्भधारणा रोखण्यासाठीही वापरलं जायचं, म्हणजे ज्या भीतीनं मेडिकलचं औषध टाळताय तीच भीती इथं जास्त आहे. शिवाय पळसपापडी जास्त झाली की हगवण लागते, आणि गावाकडं माप म्हणजे मूठ, कुणाची मूठ केवढी ते देवच जाणे!

आता सुजेचं बघू. जबड्याखाली पाणी साठतं ते बहुतेक वेळा रक्त पिणाऱ्या गोल जंतांमुळं, हे शेळीच्या चौथ्या पोटात असतात. यात हगवण लागेलच असं नाही, म्हणून माणूस फसतो. यकृतातल्या चपट्या कृमींनीही अशी सूज येते, त्याचं औषध वेगळं. खालची पापणी ओढून आतला रंग बघा, लालसर असेल तर वेळ आहे, पांढरीफटक असेल तर पाला-काढा करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. करडांच्या लेंडीतले दाणे म्हणजे पट्टकृमीचे तुकडे, दिसायला भयंकर पण सुजेवाल्या शेळीइतकी घाई त्यात नाही.

मेडिकलच्या जंतांच्या औषधांपैकी गाभण शेळीला फेनबेंडाझोल चालतं, अल्बेंडाझोल मात्र पहिल्या दीड महिन्यात नको. डोस वजनावर, अंदाजानं अर्धा दिला तर जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात, मग पुढच्या वर्षी तेच औषध लागू पडत नाही आणि आपण कंपनीला शिव्या देतो. आधी तालुक्याच्या दवाखान्यात ताज्या लेंड्या तपासून घ्या, तिथं सोय नसेल तर परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा.

मग झाडपाल्याचा उपयोग काय, तर ज्या शेळ्या ठणठणीत आहेत त्यांना बाभळीच्या शेंगा, पाला खाऊ द्या, त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळं जंतांचा जोर थोडा कमी होतो. झुडपं वरवर ओरबाडून खाणारी शेळी तशीही कमी जंत घेते, कारण जंतांची पिल्लं गवताच्या बुडाकडं, खालच्या चार बोटांत जास्त असतात, आणि दव असताना वर चढतात. म्हणून पावसाळ्यात दव वाळल्यावरच शेळ्या सोडा, गवत बुडापर्यंत खुरटं झालेल्या जागी चारू नका.

आणि औषध पाजताना मान फार वर करू नका, ठसका लागला तर ते फुफ्फुसात जातं.