सख्खे भाऊ, बीपीची गोळीही तीच. मग एकाला लागू पडते आणि दुसऱ्याला चक्कर येते, असं का?

तुमचा प्रश्न असा: वडील आणि चुलते दोघांनाही मेटोप्रोलॉल ५० चालू आहे. चुलते ठणठणीत आहेत, वडिलांना मात्र गळून गेल्यासारखं होतं, उठताना चक्कर येते. हे जनुकांमुळे असेल का, आणि जनुक चाचणी करून घ्यावी का?

मी कोल्हापुरात राजारामपुरीत औषधांचं दुकान चालवतो, एकवीस वर्षं झाली. जनुकांमुळे असू शकतं, आणि या गोळीच्या बाबतीत तर ते चांगलं अभ्यासलेलं कारण आहे. पण चाचणीकडे वळण्याआधी करण्यासारखं बरंच आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

मेटोप्रोलॉलचा निचरा यकृतात होतो. ते काम मुख्यतः सीवायपी२डी६ नावाचं एन्झाइम, म्हणजे औषधं मोडणारं प्रथिन, करतं. त्याच्या जनुकाच्या साधारणपणे दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. दोन्ही निकामी निघाल्या तर गोळी अंगात साचत जाते. चिठ्ठीवर ५० लिहिलेलं असतं, रक्तात मात्र इतरांच्या कितीतरी पट औषध फिरत असतं. नाडी मंदावते, हातपाय गार पडतात, माणूस दिवसभर मरगळलेला राहतो. भाऊ सख्खे असले तरी इथे वेगळे निघू शकतात. समजा तुमच्या आजी-आजोबांकडे प्रत्येकी एक चांगली आणि एक निकामी प्रत होती. मग त्यांच्या प्रत्येक मुलाला दोन्ही निकामी मिळण्याची शक्यता चारात एक. चुलते त्यातून सुटले, वडील सापडले, असं होऊ शकतं. आपल्याकडे अशी माणसं शेकड्यात मोजकीच, पण असतात.

आता एक अनुभव सांगतो, कारण तुम्हाला तोच जास्त उपयोगी पडेल. करवीर तालुक्यातले एक आबा, घरचं गुऱ्हाळ असलेले, माझ्याकडून हीच गोळी न्यायचे. एकदा काउंटरला टेकून म्हणाले, "गोळी मानवंना झालीया. पाय उचलत न्हाईत बघा." स्टुलावर बसवलं, मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर नाडी मोजली. ४६. विचारलं, "आबा, आणखी काय घेताय?" आधी नाही म्हणाले. मग पिशवीतून चष्म्याच्या डबीखालून एक चुरगळलेली स्ट्रिप निघाली: पॅरोक्सेटिन. झोप लागत नाही, जीव घाबरा होतो म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी दिलेली. बीपीच्या डॉक्टरांना त्याचा पत्ताच नव्हता. पॅरोक्सेटिन नेमकं तेच एन्झाइम अडवतं. म्हणजे जनुकं चांगली असूनही शरीर निकामी जनुकांसारखंच वागायला लागतं. उदासीनतेवरची फ्लुऑक्सेटिन आणि गजकर्णावर पोटात घ्यायची टर्बिनाफिनही हाच घोळ करू शकतात. मी तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी त्याच दिवशी ईसीजी काढून औषध बदललं. आबांची जनुकं शेवटपर्यंत कोणी तपासली नाहीत.

म्हणून आज घरी गेल्यावर वडिलांच्या सगळ्या गोळ्या एका ताटात काढा. आयुर्वेदिक चूर्ण, दुखण्यावरची गोळी, शेजाऱ्यांनी दिलेली, सगळं.

बीपीच्याच दुसऱ्या एका गोळीची, लोसार्टनची, गोष्ट उलट आहे. आबांना मी ती त्यांच्याच भाषेत सांगितली होती: गोळी म्हणजे उसाचा रस. यकृतात सीवायपी२सी९ नावाचं दुसरं एन्झाइम त्यातल्या थोड्या भागाचा गूळ करतं, आणि खरा जोर त्या गुळात असतो. काहिलीखाली जाळ मंद असेल तर रस भरपूर आणि गूळ कमी. काहींच्या जनुकांमुळे हा जाळ मंदच असतो. अर्थात बीपीच्या आकड्यात तो फरक दर वेळी दिसतोच असं नाही.

आता चाचणीबद्दल माझं मत. २०२४ मध्ये सीपिक या तज्ज्ञगटाने बीटा ब्लॉकर गोळ्यांशी (मेटोप्रोलॉल याच गटातली) संबंधित अनेक जनुकं तपासली आणि कामाची शिफारस एकाच जोडीबद्दल केली: सीवायपी२डी६ आणि मेटोप्रोलॉल. निचरा होत नसलेल्या माणसाला सगळ्यात कमी डोसपासून सुरुवात करा, त्रास झालाच तर दुसरी गोळी बघा. हे शहाणपण चांगला डॉक्टर नाडी मोजूनही दाखवतो. बीपीच्या प्रत्येक पेशंटची जनुकं सरसकट तपासा असं कोणी सांगत नाही. घरात तरुण वयातच बीपी असेल आणि पोटॅशियम सतत कमी येत असेल तर गोष्ट वेगळी. लिडल सिंड्रोमसारख्या दुर्मिळ आनुवंशिक आजारात नेहमीच्या गोळ्या फारशा चालत नाहीत, अमिलोराइड नावाची गोळी मात्र चालते. तिथे चाचणी करावीच.

माणसागणिक फरक किती खरा आहे हे स्वीडनमध्ये छान दिसलं. २८० जणांना चार वेगवेगळ्या गोळ्या आळीपाळीने देऊन पाहिल्या, २०२३ मध्ये निष्कर्ष आले. ज्याला जी जास्त मानवते ती दिली तर वरचा आकडा सरासरी ४.४ ने आणखी उतरू शकतो. आपल्याकडच्या टॉपस्पिन अभ्यासात १,९८१ रुग्णांवर औषधांच्या तीन जोड्या वापरल्या, सरासरीत तिन्हींनी बीपी सारखंच उतरवलं. दोन्ही खरं आहे. सरासरी सारखी असली तरी त्यातला एकेक माणूस सारखा नसतो, आणि डॉक्टरांसमोर एकच माणूस बसलेला असतो.

तर एक वही घाला. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसवून, बीपी आणि नाडी दोन्ही लिहा. शिवाय उठून उभं राहिल्यावर मिनिटाभराने एकदा. पांढरा-तांबडा किंवा मिसळ झालेल्या दिवशी तेही लिहा, मिठाचा परिणाम आकड्यांत दिसेल. वही आणि ते ताट घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी मनाने बंद करू नका: मेटोप्रोलॉल एकदम सोडली तर बीपी उसळतं, हृदयालाही धोका होतो. चुलत्यांच्या किंवा कुणाच्या दुसऱ्या गोळीशी अदलाबदलही नको. नाडी ५० च्या खाली असेल किंवा वडील चक्कर येऊन पडले असतील तर वही राहू दे, आजच दाखवा.