पावसात डांबरी रस्ता दिसेनासा का होतो?

प्रश्न: मी अंबाजोगाईचा, कामाला परळीला जातो आणि रात्री मोटारसायकलवर परत येतो. एरवी काही वाटत नाही पण पाऊस पडून गेला की डांबरी रस्ता दिसतच नाही, आपला लाइट चालू आहे का बंद तेच कळंना आणि समोरून गाडी आली की तर सगळंच चकाकतं. सिमेंटच्या रस्त्यावर एवढा त्रास होत नाही. वय 47 आहे, डोळे अधू झाले का माझे?
- एक वाचक

उत्तर: दादा, डोळे एकदा तपासून घ्याच, मोतीबिंदूची सुरुवात असली तर समोरचा लाइट जास्तच टोचतो. पण तुम्ही लिहिलंय तसं विशीतल्या पोरालाही होतं, कारण खरा घोळ रस्त्यावरच्या पाण्याचा आहे.

हेडलाइट रस्त्यावर पडतो आणि त्यातला थोडासाच उजेड माघारी आपल्या डोळ्यापर्यंत येतो, तेवढ्यावरच आपल्याला रस्ता दिसतो. कोरडा रस्ता खरबरीत असतो, खडीच्या उंचवट्यांवरून उजेड चहूकडं उधळतो म्हणून थोडा आपल्याकडंही येतो. पावसात खडीमधल्या फटी पाण्यानं भरतात, वर सपाट थर बसतो आणि रस्त्याचा आरसा होतो. मग तुमचा उजेड तिरपा पडून पुढंच निघून जातो, आणि समोरच्या गाडीचा उजेड त्याच नियमानं रस्त्यावरून घसरत थेट तुमच्या डोळ्यात येतो. रात्री अंगणातल्या शहाबादी फरशीवर अर्ध्या भागात पाणी ओतून दुरून तिरपी बॅटरी मारून बघा, ओला भाग काळा दिसंल. तिथंच पलीकडच्या बाजूनं कुणाला उभं करा, त्याला तोच भाग लखलखीत दिसंल.

आता डांबर आणि सिमेंट. नवं डांबर पडलेल्या उजेडातला शंभरात 5 भागाच्या आसपासच परत फेकतं, नवं काँक्रीट 30-40 भाग फेकतं. दोन्ही ओले झाले की काळवंडतात, पण काँक्रीट मुळातच उजळ असल्यानं त्याच्याकडं काहीतरी शिल्लक राहतं. समृद्धी महामार्गावर जालन्याकडं रात्री गेला असाल तर फरक लगेच जाणवला असंल. डांबर जुनं झालं की वरचा काळा थर घासून आतली खडी उघडी पडते आणि रस्ता करडा होतो, पण आपल्या मराठवाड्यातली खडी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची, त्यामुळं आपले जुने रस्तेही फारसे उजळत नाहीत.

पांढरे पट्टे तरी दिसावेत ना, तर त्या रंगात काचेचे बारीक मणी असतात, ते उजेड जिथून आला तिथंच माघारी पाठवतात. मणी पाण्याखाली बुडाले की हे काम नीट होत नाही, म्हणून पावसात पट्टेही गुल. कॅट आय, म्हणजे रस्त्यात बसवलेला लाइटमध्ये चमकणारा ठोकळा, रस्त्याच्या वर असतो, त्यावरून पाणी ओघळून जातं म्हणून तो टिकून दिसतो. पर्सी शॉ नावाच्या इंग्रज माणसानं 1934 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि माझ्या मते वळणावळणाच्या रस्त्यावर त्याहून स्वस्त आणि कामाची वस्तू दुसरी नाही.

तुम्ही एवढं करा. हेल्मेटची काच ओल्या मऊ फडक्यानं पुसा, ओरखडे असतील तर ती बदला, कारण ओरखड्यांवर उजेड फाकून चकाकी वाढते. समोरून गाडी आली की तिच्या लाइटकडं न बघता डाव्या साइडपट्टीकडं नजर ठेवा आणि वेग एवढाच ठेवा की जेवढं दिसतंय तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे. ताशी 60 ला गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर पुढं जाते, ब्रेक दाबायचा विचार होईपर्यंतच तेवढं अंतर संपतं, त्यात ओल्या रस्त्यावर ब्रेक उशिरा लागतो.

आणि ऊसवाल्यांना एक विनंती, हंगामात ट्रॉलीचा मागचा लाल रिफ्लेक्टर काळ्या मातीच्या चिखलानं भरतो. रिफ्लेक्टरवर चिखल असला की ट्रॉली मागच्याला दिसतच नाही, एकदम अंगावर आल्यावरच कळतं. फडातून रोडवर लागायच्या आधी तो ओल्या फडक्यानं पुसा, अर्धा मिनिटही लागत नाही.