डोंगल मागे लपलंय, रेंज कुठून मिळणार?

प्रश्न: घरी 2012 चा डेस्कटॉप आहे, विंडोज 10 टाकून घेतलंय, मागे यूएसबीचं छोटंसं वायफाय डोंगल लावलंय. मोबाइलवर नेट झकास चालतं पण कॉम्प्युटरवर सारखं तुटतं, शिवाय राउटरची दोन नावं आहेत त्यातलं 5जी वालं तर दिसतच नाही. नवीन पीसी घ्यावा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: अहो थांबा, एवढ्यासाठी कशाला नवीन घेताय! ते 5जी वालं नाव म्हणजे 5 गिगाहर्ट्झचा बँड, म्हणजे वायफायचा रेडिओ पट्टा, जुनी स्वस्त डोंगलं फक्त 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरच चालतात, त्यामुळे ते दिसणारच नाही, त्यात बिघाड असा काही नाही. तुटण्याचं कारण बहुतेक जागा आहे. डोंगल कॅबिनेटच्या मागे, म्हणजे एका बाजूला पत्रा, दुसऱ्या बाजूला भिंत, आणि शेजारच्या निळ्या यूएसबी 3.0 पोर्टात हार्डडिस्क लावलेली असेल तर तिचा रेडिओ गोंगाट (कानाला न ऐकू येणारा, सिग्नलमध्ये अडथळा आणणारा) नेमका 2.4 च्याच पट्ट्यात येतो. मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्या, डोंगल टेबलावर आणून ठेवा, बघा फरक पडतो का.

तरी तुटलं तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अ‍ॅडॉप्टर्स उघडा, डोंगलच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट, आणि वीज वाचवायला हे बंद करू दे अशा अर्थाची पहिली टिक काढून टाका. हा पॉवर मॅनेजमेंटचा टॅब सगळ्यांना दिसत नाही, नसेल तर सोडून द्या. राउटर जवळच असेल तर सरळ लॅन केबल टाका की, मी तर तेच करेन.