सही करू का, असं विचारणाऱ्या आईला

अगं, तुझं पत्र रात्री वाचलं आणि सकाळी परत वाचलं. सात वर्षांचा लेक, महिनाभर उठल्या उठल्या उलटी, सगळे पित्त पित्त म्हणत राहिले, मग चालताना तोल जायला लागला तेव्हा एमआरआय, आणि लहान मेंदूत गाठ, मेड्युलोब्लास्टोमा, म्हणजे मुलांना होणारा मेंदूचा एक कॅन्सर. ऑपरेशन झालंय, आता काढलेल्या गाठीचा उरलेला तुकडा संशोधनाला द्यायचा फॉर्म समोर आलाय, सासूबाई म्हणतायत पोरावर प्रयोग नकोत, आणि शेवटी एका ओळीत तू विचारलंयस, गरोदरपणात माझं काय चुकलं, का मोबाईल दिला म्हणून झालं.

आधी त्या शेवटच्या ओळीचं बोलू. तुझं काही चुकलेलं नाहीये. मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासांत मोबाईलचा संबंध सापडलेला नाही. बाळाचा मेंदू घडताना पेशींना 'वाढा' असा निरोप जातो आणि वेळ झाली की 'थांबा' असाही जातो, काही पेशींमध्ये जनुक बिघडतं आणि तो थांबा पोचतच नाही. थोड्या मुलांत हे घराण्यातून आलेलं असतं, म्हणून जेनेटिक टेस्ट सांगितली तर घाबरू नको, ती करून घे, पण त्यातही दोष कुणाचाच नसतो गं.

आता सही. माझ्या मते कर. लेकाला परत सुई टोचणार नाहीत, गाठ मेणात बसवून ठेवलेली असते, काडेपेटीच्या निम्म्या आकाराची वडी, तिला ब्लॉक म्हणतात, त्याचे पातळ काप काढून तपासतात. २०१२ पासून या आजाराचे चार मुख्य ग्रुप मानतात, डब्ल्यूएनटी, एसएचएच, ग्रुप ३ आणि ग्रुप ४, आणि हे कळलं ते अशाच दिलेल्या गाठींच्या तुकड्यांमधून, कुठल्यातरी आईबापांनी सही केली म्हणून. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटाच्याच कॅन्सर संशोधन केंद्रात, अशा मेणातल्या ब्लॉकवरून ग्रुप ओळखायची टेस्ट तयार झाली. डब्ल्यूएनटी निघाला तर योग्य उपचारांनी बहुतेक मुलं बरी होतात, म्हणून त्यांचा शेक, म्हणजे रेडिएशन, कमी करता येईल का हा प्रश्न आलाच, कारण डोक्याला आणि मणक्याला दिलेल्या शेकाने पुढे अभ्यास, उंची, हार्मोन्स सगळ्यावर परिणाम होतो. टाटामध्ये अशा मुलांना डोकं-मणक्याचा शेक अजिबात न देऊन पाहिलं, काही मुलांत आजार परत आला तेव्हा तो अभ्यास मधेच थांबवला, आणि मग कमी डोसचा रस्ता धरला. हे सासूबाईंना सांग, की प्रयोग म्हणजे पोराला वाऱ्यावर सोडणं नसतं, डॉक्टर लोक डोळ्यात तेल घालून बघत असतात. त्यांना एकदा सोबत घेऊन जा, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे, तुझ्या तोंडून ऐकलं की भांडण होतं.

सही नाही केली तरी उपचार तेच मिळतात, आणि केलेली सही मागेही घेता येते. फक्त या विचारात शेकाची तारीख पुढे ढकलू नको, तो साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा.

आणि ब्लॉक नंबर फाईलच्या पहिल्याच पानावर लिहून ठेव, सेकंड ओपिनियनला गेलीस की आधी तोच मागतात.